बोटभर फट

मित्रांनो, मी शर्यतीची एक सायकल आहे. जुनी म्हणवून घ्यावं एवढं माझं वय नाही, आत्ता कुठे चौथं वर्ष लागलंय. पण शहागडजवळच्या एका शेतवस्तीवर, कापसाच्या कोठीत उलटं टांगून ठेवलं की म्हातारपण लवकर येतं. मित्रांनो म्हणते खरी, पण माणसांशी मैत्री मी केव्हाच सोडली आहे. तुम्ही अजून लहान आहात, तुम्हाला अक्कल येण्याची आशा आहे, म्हणून बोलते.

कारखान्यात मला गुळगुळीत डांबरी रस्त्यासाठी घडवलं. अंग हलकं, चाकं बारीक, आणि चाक व सांगाडा यांच्यामध्ये काडेपेटीतली काडी कशीबशी जाईल एवढीच फट. यात माझा दोष नव्हता. ज्याचा जन्म ज्यासाठी, त्याला तिथे न्यावं, एवढं साधं आहे.

संभाजीनगरच्या दुकानात मी उभी होते तेव्हा रामप्रसाद आला. सोबत त्याची मुलगी दीपमाला, आणि जाणकार म्हणून आणलेले ख्वाजामियाँ. त्यांचं शहागडच्या रस्त्याला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. रामप्रसादच्या पिशवीत हुकाचा काटा होता. वेचणीच्या दिवसांत बायकांनी वेचलेला कापूस रोज संध्याकाळी त्याच काट्यावर मोजायचा, त्यामुळे काट्यावर येईल तेवढंच जगात खरं, अशी त्याची समजूत. पठ्ठ्यानं भर दुकानात मला हुकाला लटकवलं! मी भरले आठ किलो दोनशे ग्रॅम. शेजारची करड्या रंगाची भरली अकरा.

"तीन किलो लोखंड पोरीनं फुकट कामून वाहायचं?" तो म्हणाला आणि एका बोटावर मला उचलून सगळ्यांना दाखवू लागला.

ख्वाजामियाँ खाली बसले. "वजन राहू द्या, रामप्रसाद. हितं चाकापाशी बोट घालून बघा. या करडीत बराबर जातं, हिच्यात बिलकुल जात न्हाई. तुमच्या रानातली माती लई चिवट हाये."

"मातीत कोण चालवून राह्यलं? पोरगी डांबरीवर चालवणार."

"मंग वस्तीवरून डांबरीपर्यंत काय उडत जाणार?"

रामप्रसाद हसला आणि मला घेऊन आला. जाणकार सोबत न्यायचा आणि काट्याचं ऐकायचं, ही यांची खरेदी.

दीपमालेबद्दल मात्र माझी तक्रार नाही. वर्षभर ती पहाटे उठली. कोरड्या वाटेनं मला हळू चालवत डांबरीवर आणायची आणि मग अंबडच्या दिशेनं अशी पळवायची की मालमोटारवालेसुद्धा वळून बघत. त्या वर्षी माझी स्तुती फार झाली. पाव्हणे आले की रामप्रसाद मला बोटावर उचलून दाखवी. मीही फुशारले होते, खोटं कशाला सांगू?

जिल्ह्याच्या संघासाठी निवडीची शर्यत अंबडला होती, सतरा वर्षांखालच्या मुलींची. दीपमालेला पुढच्या महिन्यात सतरा वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे तिची ती शेवटची संधी. आदल्या संध्याकाळी आभाळ भरून आलं तेव्हा ती म्हणाली, "बापू, सायकल आजच ख्वाजाचाचाच्या दुकानी ठेवून येते. पाणी पडलं तर चिखलातून कशी नेऊ?"

"एवढी भारी वस्तू दुसऱ्याच्या दारात? आठ किलोची तर हाये. खांद्यावर टाकू!"

परतीचा पाऊस त्याच रात्री झाला.

सकाळी दीपमाला मला घेऊन निघाली. चाळीस पावलांवर माझं मागचं चाक थांबलं. काळी माती फटीत शिरली आणि घट्ट बसली. तिनं पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाच्या, काडीनं ती उकरली, आणखी वीस पावलं गेलो, आता पुढचं चाक अडकलं. मग मागून रामप्रसाद आला आणि बोलल्याप्रमाणे त्यानं मला खांद्यावर टाकलं. मित्रांनो, तेव्हा मी आठ किलोची नव्हते. अंगावर माती, त्याच्या प्रत्येक पायाला शेर-दोन शेर माती. तो दोनदा घसरून पडला, मला घेऊन. घेतलीस ना हलकी बघून? आता आण तुझा काटा, असं मला ओरडावंसं वाटत होतं. दहा मिनिटांच्या वाटेला दीड तास लागला.

भाजीच्या टेम्पोतून आम्ही अंबडला पोचलो तेव्हा मुली सुटून पंधरा मिनिटं झाली होती. पंच म्हणाले, "बाई, नियम सगळ्यांना सारखाच." दीपमाला रडली नाही. ती रस्त्याच्या कडेला बसून माझ्या फटीतली माती काडीनं उकरत राहिली, आता काही उपयोग नसताना.

"सायकलच पनवती निघाली," रामप्रसाद घरी येऊन म्हणाला आणि मला कोठीत टांगलं. पनवती मी! वा रे न्याय! करणार तू आणि भरणार मी.

मागच्या महिन्यात दीपमालेनं ख्वाजामियाँकडून दुसरी सायकल जुळवून घेतली. दणकट आहे, दिसायला ओबडधोबड. तिच्यावरून ती चिखलातूनही अंबडच्या कॉलेजात जाते. ती सायकल घरी आणून कोठीत ठेवली तेव्हा रामप्रसादनं सवयीनं विचारलं, "किती भरली?"

दीपमालेनं बापाचा हात धरला आणि त्याचं बोट चाक अन् सांगाड्याच्या मधल्या फटीत घातलं. बोट सहज गेलं. ज्या बोटावर मला नाचवलं होतं, तेच बोट. तो ते काढायलाच विसरला. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, दोन वर्षांत पहिल्यांदा.

माझ्या फटीत त्या सकाळची माती अजून आहे, वाळून दगड झालेली. मित्रांनो, मला खाली काढा, माझ्यावर बसा, असं मी म्हणत नाही. तुम्ही मला निवडूच नका, जर तुमच्या दारापुढे काळी माती असेल. पण रामप्रसाद भेटला तर एवढं सांगा, की माझी क्षमा मागू नकोस. एक पऱ्हाटीची काडी घे आणि ती माती काढ.