सात दहाचा बिघाड

आमच्या घरातलं गाणं रोज संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास बंद पडायचं. दिवसभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवून मी साडेसहाला घरी येतो, हातपाय धुतो, खुर्चीत बसतो, बायकोकडून गाणं लावून घेतो, आणि ते ऐन रंगात आलं की खट्ट! मी उठायचो, नेटवरून गाणी ओढणाऱ्या त्या काळ्या डबीचं बटण दाबायचो. पुन्हा सुरू. दोन मिनिटांनी पुन्हा बंद. कधीकधी हा खेळ चार-पाच वेळा चालायचा आणि साडेसातच्या सुमाराला आपोआप मिटायचा.

मी तापट आहे, ते मी कधी नाकारलेलं नाही. पण एखाद्या निर्जीव डबीने माणसाला रोज ठरल्या वेळी चिडवावं म्हणजे काय! आधी मी वायरी बदलल्या. मग अॅम्प्लिफायर बदलला. मग स्पीकरवर संशय घेतला आणि तीन दुकानं पालथी घातली. एकच गाणं मी स्पीकरच्या सतरा जोड्यांवर ऐकलं. दुकानदार दर वेळी विचारायचा, "हा बरा वाटतो, की मघाचा?" मी गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत नेमकं हेच विचारतो, आणि ती बिचारी गोंधळून "दुसरं" म्हणतात. मीही "दुसरा" म्हणालो आणि ते स्पीकर घरी घेऊन आलो.

स्पीकर उत्तम निघाले. सात दहाला उत्तम रीतीने बंद पडले.

"कशाला एवढी यातायात?" बायको म्हणाली. ती रोज त्याच वेळी हॉलमध्ये इस्त्री करत उभी असायची. "चालतंय ना? थोडं थांबतं, पुन्हा चालतं. राहू द्या."

"राहू द्या काय? चष्म्यातून अर्धा वेळ दिसलं आणि अर्धा वेळ नाही, तर तू चालवून घेशील?"

गाणं थांबलं की ती इस्त्री उभी करून ठेवायची, शेजारी पडलेला तिचा जुना फोन उचलून बघायची आणि पुन्हा कामाला लागायची. तो फोनच आमचा रिमोट. माझा चष्मा घरी आल्यावर कुठे असतो ते मला कधीच माहीत नसतं, म्हणून गाणी लावून देण्याचं काम तिच्याकडे. आणि खोटं कशाला बोलू, गाणं बंद पडलं की तिचा चेहरा मला चक्क खूश दिसायचा. हिला माझी गाणी मनातून आवडत नाहीत, असा मी त्याचा अर्थ लावला आणि दोन दिवस तिच्याशी तुटक बोललो.

तसं आमच्या घरात न बोलण्याची सवय जुनीच आहे. त्याआधी आठ महिन्यांपासून आमची लेक आमच्याशी बोलत नव्हती. तिला घरात सगळे ठिणगी म्हणतात, आणि ते नाव तिने कमावलेलं आहे. शिकून ती माझ्याच दुकानात बसायला लागली होती. नंबर काढायचं नवं यंत्र आणू या म्हणून तिने टुमणं लावलं होतं, आणि माझं उत्तर ठरलेलं, तीस वर्षं हातानेच काढतोय. एक दिवस मी एका बाईंचा नंबर लिहून दिला, तर भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर ही म्हणाली, "बाबा, डावा डोळा चुकलाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, "दुकान माझं आहे. पटत नसेल तर दार तिकडे आहे." ती दारातून गेली ती गेलीच. दुसऱ्या शहरात, दुसऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, एवढं तिच्या मावशीकडून कळलं. आईचाही फोन ती उचलत नव्हती, कारण आई त्या दिवशी दुकानात होती आणि मूग गिळून बसली होती.

मी फोन केला नाही. मी का करावा?

तर शेवटी मी घरोघरी साऊंड बसवून देणाऱ्या एका माणसाला बोलावलं. रविवारी दुपारी तो आला. त्याने डबी उलटीपालटी केली, लॅपटॉप उघडला आणि पाच मिनिटांत हसायला लागला.

"काका, यंत्रात काही नाही हो. तुमचं गाण्यांचं खातं एका माणसापुरतं आहे. ते आणखी कुणीतरी वापरतंय. त्याने तिकडे लावलं की इकडचं थांबतं, तुम्ही लावलं की त्याचं थांबतं."

"चोर?"

"असेल कुणीतरी. सगळ्यांना बाहेर काढतो आणि पासवर्ड बदलतो. काढू?"

"काढ! लगेच काढ!"

बायको बाजारात गेली होती. त्याने दोन बटणं दाबली, नव्या पासवर्डने डबी आणि रिमोटचा फोन पुन्हा जोडला, तो पासवर्ड एका कागदावर लिहून दिला, शिवाय चांगल्या प्रतीच्या आवाजाचं सेटिंग लावून दिलं आणि गेला. मी एवढा खूश होतो की त्याला पोचवायला जिना उतरून खाली गेलो.

त्या संध्याकाळी सात दहा झाले, सव्वासात झाले, गाणं सुरूच. साडेसात. काय आवाज होता! माणूस शेजारी बसून गातोय असं वाटावं. मी विजयाने बायकोकडे बघितलं. तिने इस्त्री उभी केली होती आणि फोन हातात धरून ती त्याच्याकडे बघत उभी होती. इस्त्रीच्या टेबलावर माझा शर्ट अर्धा तसाच पडला होता.

"का थांबत नाहीये?" तिने विचारलं.

"दुरुस्त झालं!" मी म्हणालो आणि सगळी हकीकत सांगितली. चोराला कसं काढलं तेही.

तिने इस्त्रीची वायर ओढून काढली.

"अहो, ती ठिणगी होती."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. पोर कॉलेजात असताना मीच तिला पासवर्ड दिला होता आणि विसरून गेलो होतो. गाणं थांबलं की जुन्या फोनवर पाटी यायची, दुसऱ्या फोनवर सुरू आहे, आणि पुढे त्या फोनचं नाव, ठिणगी. आठ महिने बायको रोज ती पाटी वाचत होती.

"सात दहाला थांबलं की मला कळायचं, पोर कामावरून घरी पोचली. सुखरूप आहे. मग तुम्ही चिडून उठायचात, तुम्ही लावलं की तिचं थांबायचं, ती पुन्हा लावायची. बापलेकीचं भांडण चाललंय म्हटल्यावर मला बरं वाटायचं. कुठेतरी बोलताय तरी."

"मग मला सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी पासवर्ड बदलला असता. मानापायी." ती आता रडत होती आणि चिडलीही होती. "डावा डोळा चुकलाच होता हो. त्या बाई आठवड्याने परत आल्या होत्या. मी तिथेच होते. तेव्हाही मी गप्प बसले, पण आता नाही बसणार. आज ती घरी आली असेल, गाणं लावायला गेली असेल, आणि तिला कळलं असेल की बापाने इथूनही हाकललं."

मी उठलो. बसलो. पुन्हा उठून गाणं बंद केलं. स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आलो. चूक माझी होती, दुकानातली आणि आजचीही, आणि ती छातीवर चढून बसली होती. चष्मा शोधला, सापडला नाही, बायकोने माझ्या फोनवरून नंबर लावून दिला.

तिसऱ्या रिंगला तिने उचलला. आईचा फोन आठ महिने न उचलणाऱ्या मुलीने माझा तिसऱ्या रिंगला उचलला.

"काढलंत मला?" पहिलं वाक्य हे. आवाज माझाच, फक्त बाईचा.

"मी नाही गं, तो साऊंडवाला... म्हणजे मीच. मला वाटलं चोर आहे."

"चोर?"

"मला माहीतच नव्हतं तू आहेस. मला वाटत होतं डबी बिघडलीय. वायरी बदलल्या, स्पीकर बदलले..."

ती म्हणाली, "तुम्हांला माहीत नव्हतं? म्हणजे मी आठ महिने एकटीच भांडत होते?"

"म्हणजे?"

"बाबा, मी गाणी ऐकतच नव्हते त्यावर. माझं स्वतःचं दुसरं खातं आहे. रोज सात दहाला तुमचं बंद पाडायला तेवढं उघडायचे. तुमचा इतका राग आला होता ना! तुम्ही परत लावायचात, मी परत बंद करायचे. मला वाटायचं, तुम्हांला कळतंय. आज उघडेना, तेव्हा..." नाक ओढल्याचा आवाज आला.

मला हसू येत होतं आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या. बायको फोन मागत हात पुढे करत होती. मी दिला नाही.

"नवा पासवर्ड देतो तुला," मी म्हणालो. "रोज बंद पाड. वाटेल तेवढ्या वेळा पाड."

"द्या."

मी खिसे चाचपले. टेबल बघितलं, खुर्चीखाली बघितलं, स्पीकरच्या रिकाम्या खोक्यांत हात घातले. तो कागद कुठे ठेवला होता कोण जाणे, आणि चष्म्याशिवाय सगळे कागद सारखेच.

"सापडत नाहीये," मी म्हणालो. "ठिणगे, फोन ठेवू नकोस हं. ठेवू नकोस."

"नाही ठेवत," ती म्हणाली. "शोधा सावकाश."