रिलेची उंची

लटारूच्या शेतावरचा भोंग्याचा डबा तेरवीनंतर चंद्रपूरच्या कारखान्यात परत आला. जनावर जवळ आलं की त्यानं वाजायचं. वाघ आला तेव्हा तो वाजला नाही. लटारू, देव त्याला पायाशी जागा देवो, धानाच्या बांधावरच गेला. गावानं ठरवून टाकलं की त्याची बायको धुरपता बॅटरी चार्जिंगला लावायला विसरली.

दिव्यानीनं डबा उघडून त्याच्यासमोर हात हलवला. भोंगा वाजला. झाकण लावून स्क्रू आवळले, पुन्हा हात हलवला. डबा मुका.

"बॅटरी भरलेली आहे," ती हळू म्हणाली.

आतल्या बोर्डाची आखणी तिची, बाहेरच्या डब्याची प्रणितची. दोघांची सॉफ्टवेअर वेगळी. तिनं केलेला बदल त्याच्याकडे जायचा आणि तो मंजूर करायचा. त्याच्या स्क्रीनवर बोर्ड आणि झाकण यांच्यात बोटभर मोकळी जागा होती.

"पाहा नं ताई, कुठी लागून राह्यलं? तुमचाच बोर्ड वाकडा असन."

"हो, माझा बोर्ड वाकडा अन् तुझं झाकण संतमहात्मा."

तिनं बोर्ड पुन्हा पाठवला, त्यानं मंजूर केला. तेच चित्र. जुनं सगळं पुसून नव्यानं घेतलं. तरी तेच. झाकण मोजलं, ते आराखड्याबरहुकूम निघालं.

दिव्यानी कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याशी गेली, हात जोडले आणि करंड्यातलं चिमूटभर कुंकू घेतलं. पाण्यात कालवून बोर्डावरच्या प्रत्येक उंच भागाच्या माथ्यावर बोट टेकवलं, झाकण आवळलं आणि उघडलं. झाकणाला आतून एकच लाल ठिपका लागला होता, भोंगा सुरू करणाऱ्या रिलेच्या, म्हणजे विजेच्या खटक्याच्या, बरोब्बर वर.

प्रणितनं स्क्रीनवरचा बोर्ड आडवा फिरवला. रिलेच्या जागी कागदासारखा सपाट चौकोन.

जुनी रिले मिळेनाशी झाली तेव्हा नवीचं चित्र दिव्यानीनंच काढलं होतं. लांबी-रुंदी भरली, उंचीचा रकाना कोराच राहिला. तिच्या सॉफ्टवेअरनं अडवलं नाही, प्रणितच्या सॉफ्टवेअरनं कोऱ्याला शून्य धरलं. झाकण आवळलं की ते रिलेला दाबायचं आणि तिला बोर्डाशी जोडणारं डाखण सुटायचं.

"म्या बी आडवं करून पाह्यलं नाई," प्रणित म्हणाला.

मालक अमरभाऊ दारात उभे होते. "बाकीचे डबे?"

"सगळे असेच, भाऊ."

त्यांनी गाडीची किल्ली घेतली.

धुरपता अंगणात भांडी घासत होती. सासरा दादाजी ओसरीवर बसला होता. तेरवीपासून तो तिच्या हातचं पाणी घेत नव्हता. दिव्यानी त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"बाबाजी, बॅटरी भरलेली होती. बाईनं बरोबर लावली होती. डब्यातच चूक होती, आमची."

दादाजीनं सुनेकडे पाहिलं. "काऊन बोलली नाई वं तू?"

"बोलली होती म्या. कोणी आयकलं?"

"आता सगळे ऐकतील," दिव्यानी म्हणाली. "मी गावात सांगते. तुमच्यावर काही येत नाही, बाई."

धुरपतानं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"येते नं. टीन वाजवून जनावर हाकलाले संग कोणी भेटला नाई त्या दिशी. ते जाऊ का नको करत होते. बॅटरी म्या सोता लावली होती, म्हणून म्याच म्हटलं, डब्बा हाये नं, जा एकटे."

दादाजीनं मान खाली घातली. पलीकडच्या शेतात अमरभाऊ दुसरा डबा खांबावरून उतरवत होते.