तळहातांमधली फट

मलकापूरच्या फार्मसी कॉलेजात समीक्षाचा प्रकल्प पांढऱ्या उंदरांवर होता. काही उंदरांना इंजेक्शन देऊन मधुमेह केलेला, काही निरोगी; मधुमेह केलेल्यांपैकी काहींना लवकर, काहींना उशिरा औषध. त्यांच्या शेपटीतले तंतू आम्लात टाकून, कातडी-सांध्यांना धरून ठेवणारं कोलॅजन नावाचं प्रथिन किती विरघळतं ते ती बघायची. निरोगी उंदरांचे तंतू विरघळून जायचे. मधुमेही उंदरांचे बरेचसे तळाशी तसेच राहायचे, कारण रक्तातल्या साखरेनं त्यांचे धागे एकमेकांना जखडून टाकलेले असायचे.

सुट्टीत ती उंद्रीला घरी आली, तेव्हा तिची आई सत्यभामाबाई ओसरीत भेंडी निवडत होती. भेंडी बोटांतून सारखी निसटत होती.

"हात दुखतेत का, माय?"

"दुखत नाई. आखडले. जलमभर निंदण-खुरपण केलं, आता काय रेशमाचे राहतीन?"

"जरा हात जोड बरं."

"कोणाले?" सत्यभामाबाई हसली, पण तिनं जोडले. तळवे टेकले, बोटांची टोकं टेकली. मधे मात्र आरपार दिसेल एवढी फट राहिली. तिनं जोर लावला, तरी बोटं सरळ होईनात.

समीक्षाला तळाशी न विरघळता राहिलेले तंतू आठवले. आईला साखर आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"आज गोळी घेतली?"

"बरं वाटून राह्यलं तं काऊन घेऊ?"

"साखरेनं आतले धागे चिकटतेत, माय. म्या उंदरांत पाह्यलं. तुह्या हातात तेच असन."

सत्यभामाबाईनं भेंडी बाजूला सारली. "मंग तुहे उंदरं बरे झाले का?"

समीक्षाला खोटं बोलवेना. "ज्याईले लवकर औषध देलं, त्याईचं कमी बिघडलं. बिघडलेलं पुरतं सुधरलं नाई."

"हाव," म्हणत आईनं आपल्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुह्या बापाले सांग, गाडी काढा म्हणा."

चिखलीच्या डॉक्टरांनी हात बघून मान डोलावली आणि डोळेही तपासायला लावले. डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर साखरेनं झालेली सुरुवातीची खराबी निघाली. वेळेत आलात, म्हणाले. गोळ्या रोजच्या झाल्या, बोटांचा व्यायाम सुरू झाला. हिवाळा सरेपर्यंत मुठी बऱ्यापैकी वळू लागल्या. फट थोडी राहिलीच. भेंडीची तोडणी समीक्षाच्या वडिलांनी, अर्जुनरावांनी, स्वतःकडे घेतली आणि सत्यभामाबाई अमडापूरच्या बाजारात भाजी विकायला बसू लागली. भाव करण्यात ती नवऱ्यापेक्षा कितीतरी पक्की निघाली.