पालकाची सही

"वडील कुठे आहेत?"

शोभाताईंनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे आणि शेवटी दारात ठेवलेल्या गादीच्या वळकटीकडे. त्या शहराच्या सदर भागातल्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर. टेबलावर त्यांचा डबा अर्धवट उघडा होता. आम्ही नेमके त्यांच्या जेवणाच्या वेळेला टपकलो होतो.

"दुकानात आहेत," आई म्हणाली. "टाइल्सचं दुकान आहे नं. सोडता येत नाही."

"मनीषनगरात घर आहे तुमचं. मेट्रोनं अर्ध्या तासात पोरगी कॉलेजला पोचते. हॉस्टेल कशाला पाहिजे? इथं काटोलच्या, नरखेडच्या मुली रांगेत उभ्या आहेत."

"तिले अभ्यासाले शांतता लागते, मॅडम."

"घरी नाही का शांतता?"

"आहे नं," आई म्हणाली. "लय आहे."

ती खोटं बोलत नव्हती. बाबा अकरा दिवसांपासून घरात कुणाशी एक शब्द बोलले नव्हते.

बाबा मारत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण मैत्रिणी पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि नाही म्हटलं की मग एवढं काय, असा चेहरा करतात. बाबा दारूही पीत नाहीत. ते फक्त रागावतात. कशावर रागावतील हे त्यांनाही माहीत नसतं. भाजीत मीठ, टीव्हीचा आवाज, मी मोठ्याने हसणं, काहीही चालतं. मग ताट भिंतीवर जातं, किंवा अबोला सुरू होतो. ताट बरं, ते पाच मिनिटांत पुसून होतं.

संध्याकाळी स्कूटर कोपऱ्यावर वळली की आम्ही दोघी कान देऊन ऐकायचो. इंजीन फाटकाशी बंद झालं तर दिवस बरा गेलेला असायचा. तशीच धडधडत पायरीपर्यंत आली, तर मी हातातलं ताट उचलून स्वयंपाकघरात जायची आणि उभ्याउभ्याच उरलेलं संपवायची. घाईने खाण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

मी दुसरीत असताना गणितात पन्नासपैकी एकवीस मिळाले आणि प्रगतिपुस्तकावर पालकाची सही हवी होती. त्या दिवशी वरणाचं ताट कॅलेंडरवर गेलं. पुढच्या परीक्षेला आईने काय केलं, तर त्याच कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, दुपारभर ओट्याशी बसून त्याच्या पाठीवर बाबांची सही गिरवली, आणि माझ्या पुस्तकावर करून टाकली. 'म. के. डाखोळे', खाली एक लफ्फेदार रेघ आणि रेघेखाली दोन ठिपके. तेव्हापासून सहल, स्नेहसंमेलन, परीक्षेचे अर्ज, सगळ्यांवर तिचीच सही. हल्लीच्या शाळा पालकांना काही विचारतच नाहीत, असं बाबा चारचौघांत सांगत. याला कायद्यात काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. आमच्या घरात याला दिवस नीट जाणं म्हणत.

वसतिगृहाचं मात्र मी स्वतः बाबांना सांगितलं. अठरा पूर्ण झाली होती, अंगात थोडी हिंमत आली होती. बाबा म्हणाले, "गावात घर असून पोरगी बाहेर राहते, लोकं काय म्हनतीन?" आणि अबोला सुरू झाला. अर्जावरची सही आईने कुकरच्या दोन शिट्यांच्या मध्ये केली. मला विचारलंही नाही.

आज सकाळी निघताना बाबा हॉलमध्ये पेपर वाचत होते. मी वळकटी ओढत त्यांच्या खुर्चीपुढून नेली. त्यांनी पेपर खाली केला नाही, फक्त पाय वर घेतले, झाडू मारताना घेतात तसे. मी "येते बाबा" म्हटलं. पेपरचं पान उलटलं. मला रडू आलं नाही, राग आला, आणि ऑटोत बसल्यावर मग दोन्ही एकदम आलं.

"ठीक आहे," शोभाताईंनी एक कागद आईपुढे सरकवला. "अर्जावर वडिलांची सही आहेच. आता हे हमीपत्र. यावर पालकानं माझ्यासमोर सही करायची असते. वडील नसले तर आईची चालते."

आईने पेन घेतलं. खोली मिळतेय या आनंदात तिचं चित्त कुठे होतं कोण जाणे. तिने 'पालकाची सही' हे शब्द पाहिले आणि हात आपला आपण चालला. झर्रकन सही, रेघ, दोन ठिपके.

शोभाताईंनी हमीपत्र उचललं. मग अर्ज उचलला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि डब्यावरची माशी हाकलली.

"तुमचं नाव काय?"

"कामिनी."

"हे कामिनी आहे?"

आईचं लक्ष तेव्हा कागदाकडे गेलं. तिचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. मला एकच दिसत होतं, की आता ही वळकटी परत त्याच खुर्चीपुढून न्यायची आणि ते पाय पुन्हा वर होणार.

"मीच केली, मॅडम," आई म्हणाली. "दोन्हीवर मीच केली. ती दुसरीत होती तवापासून मीच करून राहिली. त्यायले माहीत नाही. पोरीचा काही दोष नाही याच्यात."

"हा गुन्हा आहे, कळतं का बाई?"

"कळते." आईने पेन टेबलावर ठेवलं, नीट, कागदाला समांतर. "माह्यावर काय करायचं ते करा. पन तिले परत नोका पाठवू. ती घरी बसून जेवत नाही, मॅडम. गाडीचा आवाज आला का ताट घेऊन उठते अन् उभ्यानं गिळते. इतक्या वर्षांत तिनं घास चावून खाल्ला नाही. मी आंधळी आहे का? पाहून राहिली नं मी."

मी खाली मान घातली. मला वाटत होतं, ते मी लपवून करते.

 शोभाताईंनी डब्याचं झाकण लावलं. मग दोन्ही कागद फाडून टोपलीत टाकले आणि खणातून दोन कोरे काढले.

"आता तुमची सही करा."

आईने पेनाचं टोक कागदाला टेकवलं आणि पुन्हा वर घेतलं.

"काय झालं?"

"माझी नाही आहे."

"काय नाही?"

"सही," आई म्हणाली. "बँकेत केली होती एकदा, खातं काढलं तवा. कशी केली होती, ध्यानात नाही."

माझ्या तोंडून हसू फुटणार होतं. शोभाताई हसल्या नाहीत म्हणून मीही हसले नाही.

"मग आज ठरवा. आणि जी ठरवाल ती लक्षात ठेवा. दर रविवारी भेटीच्या रजिस्टरमध्ये तीच पाहिजे मला. वेगळी दिसली तर आत सोडणार नाही, सांगून ठेवते."

आईने पाटीवर काढावं तसं एकेक अक्षर काढलं. कामिनी. मग थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि डाखोळे. रेघ ओढायला गेली तर रेघ खाली उतरली. बाबांची सही डोळे मिटून करणारी बाई स्वतःचं नाव लिहून घामाघूम झाली होती. दुसऱ्या कागदावरची सही पहिलीसारखी आली नाही. शोभाताईंनी ती बघितली आणि शिक्का मारला.

वसतिगृहाच्या फाटकाशी आईने माझ्या ओढणीची टोकं उगाच सारखी केली.

"बसून जेवजो," ती म्हणाली.

"तू बी चाल नं आई."

"मले कोनतं हॉस्टेल घेते वं?" ती हसली. मग हसता हसता तोंडावर पदर धरला. "चार वाजून राहिले. चहाले येतीन ते." आणि ती मेट्रोच्या दिशेने निघाली. तिने वळून पाहिलं नाही. तिने पाहिलं असतं तर मी वळकटी घेऊन तिच्यामागे गेले असते, हे तिला माहीत होतं.

पहिल्या दिवशी मेसमध्ये मी बसून जेवत होते. बाहेर रस्त्यावर एक स्कूटर थांबली आणि माझ्या लक्षात आलं की मी ताट हातात घेऊन उभी आहे. समोर माझी खोलीतली सोबतीण होती, काटोलची मुग्धा.

"काय झालं वं? भाजी पाहिजे का?"

"हो," मी म्हटलं आणि भाजी घेऊन पुन्हा बसले.

रविवारी आई आली. मी जिन्यावरून पाहत होते. रजिस्टरवर वाकून तिने सही केली. शोभाताईंनी आधीच्या कागदाशी ती ताडून पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या, आणि हाताने आत जा म्हणून खूण केली.

"बाबा बोलले?" मी विचारलं.

"माह्याशी बोलतात. तुझं नाव नाही काढत." आईने पिशवीतून डबा काढला. "काल म्हने, भात उरते काहून."

का उरतो, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. मग ती मेसमधल्या पोळ्या कशा असतात, गादी टोचते का, हे सगळं विचारून पाच वाजता गेली.

डब्यात कोथिंबिरीची सांबारवडी होती, कॅलेंडरच्या कागदात बांधलेली. वडी काढून घेतली तर कागदाची पाठ तेलाने भिजलेली दिसली आणि तिच्यावर निळ्या पेनाने काहीतरी दाट लिहिलेलं. मी तो पसरला. कामिनी डाखोळे. कामिनी डाखोळे. वरपासून खालपर्यंत. पहिल्या चार-पाच सह्यांखाली सवयीने दोन ठिपके पडले होते आणि तिने ते खोडले होते. मधल्या ओळीत अक्षरं वाकडीतिकडी, कुठे वेलांटी पुसलेली. शेवटच्या ओळीत हात वाहता झाला होता आणि रेघ सरळ होती.

मी कागद उलटा केला. पान मागच्या महिन्याचं नव्हतं, या जुलैचं होतं. गॅसच्या तारखेला बाबांनी केलेला गोल तसाच होता. जुलै संपायला अजून दहा दिवस बाकी होते.