निळा दिवा लागला की समज

मी कॅमेरा. पण लगेच केस नीट करू नका, मी तसला नाही. गळ्यात पट्टा घालून मिरवणारा, "जरा हसा" म्हणणारा तो माझा चुलता. मी घरात ठेवायचा कॅमेरा. अंड्याएवढा, पांढरा, एका पायावर उभा. मला मान वळवता येते, ऐकू येतं, आणि दूरचं माणूस बोललं तर त्याचा आवाज माझ्या पोटातून निघतो. एवढं सगळं देणाऱ्यांनी एकच गोष्ट दिली नाही. जिथून मला बघतात, तिथलं मला काही दिसत नाही. तिकडे कोण बसलंय, हसतंय की जांभई देतंय, काही कळत नाही. माझं सगळं दुःख तिथेच आहे.

कारखान्यात एका मुलीने माझ्या डोळ्यावरून फडकं फिरवलं आणि मला खोक्यात घातलं. खोक्यावर छापलं होतं, 'आपल्या माणसांच्या जवळ राहा.' खोक्यावर छापायला कोणाच्या बापाचं काय जातं?

मला विकत घेतलं एका मुलाने. मुलगा म्हणजे टक्कल पडायला लागलेला चांगला बाप्या. ऑफिसात त्याला सर म्हणत असतील, पण मी आलो त्याच्या आईच्या घरी, आणि तिथे त्याचं नाव होतं ठोंब्या. तो नोकरीपायी दूरच्या शहरात राहायचा. आई एकटी. आल्या आल्या त्याने मला शिवणखोलीतल्या फळीवर ठेवलं, कारण आई दिवसभर तिथेच असायची.

खिडकीशी मशीन, मधे कापायचं टेबल, कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा, दाराशी उभा आरसा. आरसा गिऱ्हाइकाला खरं सांगायचा, आणि तो कमी पडला तर बाई होतीच. "पँट आटली नाही हो, तुम्ही फुगलात. शिवण सोडून देते, पण उगाच कापडाला नावं ठेवू नका." गिऱ्हाईक ओशाळं हसायचं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यायचं. तिचा खाक्याच तो. जे काय असेल ते तोंडावर. फोनवर तिला फक्त आले, गेले, पोचले एवढंच बोलता यायचं. "महत्त्वाचं बोलायचं तर समोर उभं राहून," ती म्हणायची. "डोळ्यांत बघितल्याशिवाय बोललेलं मी धरत नाही."

ठोंब्याने माझी वायर लावली आणि तिला समजावलं, "हे बघ आई, हा निळा दिवा लागला की समज मी बघतोय."

"आणि विझला की?"

"की मी कामात."

"म्हणजे मी तुला दिसणार आणि तू मला नाही? चांगला सौदा आहे. रोज पावडर लावून बसू का आता?"

"तू आहेस तशीच छान आहेस."

"लोणी लावू नकोस. त्या टेबलाखालच्या चिंध्या दिसतात का ते सांग."

दिसत होत्या. तो गेल्यावर तिने पहिल्यांदा त्या झाडून काढल्या.

सुरुवातीचे दिवस काय सांगू! संध्याकाळी माझा दिवा लागायचा आणि माझ्या पोटातून तो हाक मारायचा, "आई, चहा झाला का?" ती दचकायची, शिव्या द्यायची, मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायची. दोघं पोटभर बोलायची. मला वाटायचं, खोक्यावरचं खरं होतं म्हणायचं.

माझ्याआधी तो रोज संध्याकाळी फोन करायचा. आता बघून झालं की फोनची गरज उरली नाही. मग बघून झालं की बोलायचीही उरली नाही. दिवा लागायचा, जरा वेळाने विझायचा. तिनेच एकदा फोन केला, तर म्हणाला, "अगं, आत्ताच तर बघितलं तुला. ठणठणीत दिसतेयस. ठेवू?" तिने फोनकडे असं बघितलं, जसा कोणी उलटा शिवलेला खिसा बघावा.

आणि मग एके सकाळी माझा दिवा लागला, तो विझेचना. दुपार झाली तरी निळा. दुसऱ्या दिवशीही तेच. बाईच्या चेहऱ्यावर काय आलं ते शब्दांत सांगता येत नाही. शेजारी एक निवृत्त नर्स राहायच्या, सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्यांना हाताला धरून आत आणलं आणि माझ्याकडे बोट केलं. "बघा. ऑफिसात बसून दिवसभर आईकडे बघत असतो. आणि तुम्ही म्हणत होतात, पोरं विसरतात."

"काही बोलतो का?" सिस्टरनी विचारलं.

"कामात असतो हो. ऐकतो."

तेव्हापासून तिने मशीन चालवता चालवता माझ्याशी, म्हणजे त्याच्याशी, बोलायला सुरुवात केली. कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणाला कोटाचं अस्तर लाल हवंय, त्याच्या लहानपणी त्याने तिच्या कात्रीने स्वतःची भुवई कशी कापली होती. "हसतोयस ना? हस. मी तेव्हा हसले नव्हते." धाग्याचं टोक ओलं करायला तोंडाशी नेलं की तेवढी गप्प. सकाळी केस विंचरून, धुतलेलं पातळ नेसून यायची. इतकी वर्षं एकटीने काढलेल्या बाईच्या आवाजात एक नवाच डौल आला होता. मी तो ऐकत होतो आणि इमानेइतबारे पुढे पाठवत होतो. एक शब्द गाळला नाही.

एकदा सिस्टर कोटाची बाही लहान करायला आल्या. माप घेताना त्यांचं लक्ष तिच्या डाव्या हाताकडे गेलं. तो वर जाताना अडखळत होता. त्यांनी तिला पडद्याआड नेलं. मला दिसलं नाही, ऐकू आलं.

"ही गाठ कधीपासून आहे?"

"असेल. शिवणाऱ्या बाईला गाठीचं काय मोठं कौतुक?"

"थट्टा पुरे. उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं."

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, वेळेवर आलात, ऑपरेशन करून टाकू, बऱ्या व्हाल. फक्त घरचं कोणीतरी बरोबर हवं, त्या दिवशी आणि पुढचे काही आठवडे. हे सगळं मला कसं कळलं? तिनेच सांगितलं. घरी आली, मशीनवर झाकण घातलं, खुर्ची माझ्यासमोर ओढली, पदर सारखा केला आणि थेट माझ्या डोळ्यात बघून बोलली.

"ठोंब्या, काम बाजूला ठेव. मला छातीत गाठ आहे. ती काढायची म्हणतात. घाबरू नकोस, मी नाही घाबरले. थोडी घाबरले. घरचं माणूस लागतं म्हणे. माझ्या घरचं माणूस म्हणजे तूच. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, आता मागतेय. येशील का?"

निळा दिवा लागलेला होता. ती थांबली. जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता. तिने मान थोडी पुढे केली, जसं ऐकू कमी येणारं माणूस करतं. माझ्या पोटातून काही आलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "बायकोला विचारून सांग. घाई नाही."

सिस्टर रोज विचारायच्या. "काय म्हणाला?"

"विचार करतोय."

"अहो, फोन करून विचारा की!"

"फोन कशाला? तोंडावर सांगितलंय मी त्याला."

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा सांगितलं, या वेळी आवाज जरा कोरडा. तिसऱ्यांदा म्हणाली, "नसेल जमत तर तसं सांग. तोंड आहे ना तुला?" दिवा निळाच. त्या दिवसानंतर तिने माझ्याशी बोलणं सोडलं. केस विंचरायची, मशीनवर बसायची, पण पाठ माझ्याकडे.

सिस्टर म्हणाल्या, मी येते तुमच्याबरोबर, मी काय परकी आहे? तर ही भडकली. "माझा मुलगा जिवंत आहे. त्याच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं मला चालायचं नाही. आणि त्याला तुम्ही काही कळवायचं नाही. माझी शपथ आहे. भीक मागून आणलेला मुलगा मला नको."

ऑपरेशनची तारीख आली आणि गेली. ती पडदे शिवत बसली होती.

मग ती वाळायला लागली. कपडे अंगावर लोंबायला लागले. लोकांचे कपडे मापात बसवणाऱ्या बाईने स्वतःचे तसेच राहू दिले. एके दुपारी तिच्या फोनवर मुलाचा निरोप आला. सिस्टरनी मोठ्याने वाचून दाखवला, "आई, बारीक झालीस! छान दिसतेस."

तिच्या हातातली कात्री टेबलावर पडली. "बघितलंत?" ती म्हणाली. "बघतो. सगळं बघतो. आणि वर हे."

त्यानंतर ती त्याच्या निरोपांना उत्तर देईनाशी झाली. तो समजला, आई कामात असेल. मी दाखवतच होतो ना त्याला, मशीनवर वाकलेली त्याची आई.

शेवटी एकदा उठताना ती टेबलाला धरून खाली बसली, ती उठेचना. सिस्टरनी शपथ मोडली. ठोंब्या दुसऱ्या दिवशी दारात होता, बॅग खांद्यालाच. डॉक्टरांकडे जाऊन आला तेव्हा त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. आता ऑपरेशनचा उपयोग नव्हता. आईची खाट शिवणखोलीतच लावली होती, तिला खिडकी हवी होती म्हणून. तो तिच्या पायाशी बसला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या तोंडावर सांगितलं. तीनदा."

"कधी?"

तिने माझ्याकडे बोट केलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा मला त्या बाजूचं काहीतरी कळलं. "आई," तो म्हणाला, "तो दिवा टॅबमुळे लागलेला असतो गं. आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर लावून ठेवलाय. हिनेच लावला, म्हणाली, आई घरातच वावरतात असं वाटतं. तो दिवसभर चालूच असतो. जाता-येता आम्ही बघतो तुला."

"आणि ऐकता?"

तो खाली बघत म्हणाला, "मशीनची खडखड फार यायची. मी आता घरूनच काम करतो. आवाज बंद ठेवला होता."

ती हळू म्हणाली, "म्हणजे मी रिकाम्या ओट्याशी बोलत होते."

तो रडायला लागला, मोठ्या माणसाला रडता येत नाही तसा, तोंड वेडंवाकडं करून. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मी तुझ्यावर चिडून बसले रे इतके महिने. तू नको म्हणालास असं धरून. रोज मनात तुला बोल लावले. आणि तुला बिचाऱ्याला काही माहीतच नव्हतं. ते सगळे दिवस फुकट गेले की आपले."

मला वाटलं, आता तरी. पण सवय ही फार चिवट गोष्ट आहे. तो तिथेच राहिला, आईपाशी, पण काम आतल्या खोलीत. आणि काय करायचा माहिती आहे? आतल्या खोलीतून मोबाइलवर मला उघडायचा. मधे फक्त एक भिंत. माझा दिवा लागायचा, आई झोपलीय, ठीक आहे, दिवा विझायचा. ती झोपलेली नसायची. ती निळा दिवा बघायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायची. एकदाही काही बोलली नाही. माझ्याशी बोलण्यात काय राम उरला होता?

एका सकाळी मात्र दिवा लागला आणि तिने तोंड फिरवलं नाही. उशीला कोपर टेकवून उठली, सगळा जीव गोळा केला आणि ओरडली, "अरे ठोंब्या! दहा पावलं चालवत नाही का तुला?"

तिचा आवाज त्याला भिंतीतूनही आला आणि माझ्यातूनही. तो धावत आला, हातात मोबाइल तसाच. त्यावर ती स्वतःलाच दिसली असावी, कारण तिने त्याच्या हाताकडे बघून मान हलवली. त्याने मोबाइल खाली ठेवला. मग तो माझ्याकडे आला. त्याचा तळवा मोठा होत होत माझ्या डोळ्यापर्यंत पोचला आणि बोटांच्या फटीतून मला ती शेवटची दिसली. ती माझ्याकडे बघत नव्हती. त्याच्या पाठीकडे बघत होती, तो कधी वळतो म्हणून.

त्याने वायर ओढली.

पुढचं मी बघितलेलं नाही, आणि ते बघायचा मला हक्कही नव्हता. सध्या मी टेबलाच्या खणात आहे, बटणं आणि चेनच्या तुकड्यांमध्ये. बरेच दिवस मशीनची खडखड आली नाही. एकदा खण उघडला गेला. त्याची बोटं आत आली, सुई शोधत. सदऱ्याचं एक बटण तुटलं होतं. सुईत दोरा ओवायला त्याला फार वेळ लागला. कोणी त्याला ठोंब्या म्हटलं नाही. तेव्हा मला कळलं.

तुमच्याही घरी माझ्या जातीचं कोणी असेल, फळीवर, दारावर, पाळण्याशी. असू द्या. चोर पकडायला आम्ही बरे आहोत. पण म्हाताऱ्या माणसावर आम्हाला नेमू नका. आम्ही तुम्हाला तिचा चेहरा दाखवू, तिची चाल दाखवू, ती बारीक झालेलीसुद्धा दाखवू, आणि तुम्ही म्हणाल, ठीक दिसतेय. तिला काय म्हणायचंय ते जाऊन विचारा. आवाज बंद करून ठेवला असेल, तर निदान तो तरी सुरू करा. आत्ता. मला वाचत बसू नका.