तीन शुक्रवार

तिला सगळे चष्मेबाई म्हणत, आणि गंमत म्हणजे तिला स्वतःला चष्मा नव्हता. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात ती बावीस वर्षं काचा घासून फ्रेममध्ये बसवत होती. रविवारी ती चर्चच्या कॉयरमध्ये गायची. आवाज बरा होता, वेळेवर यायची, कुणाच्या अध्यातमध्यात नसायची. म्हणून त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला फादरनी भेटींचा उपक्रम काढला, तेव्हा सेक्रेटरीबाईंनी पहिल्याच फटक्यात तिचं नाव घातलं.

उपक्रम साधा होता. धर्मग्रामात घराबाहेर पडू न शकणारी अकरा माणसं होती. प्रत्येकाला एक सोबती नेमायचा. सोबत्यानं दर शुक्रवारी संध्याकाळी त्या घरी तासभर बसायचं, शुभवर्तमानातला एक उतारा वाचायचा, चार गोष्टी बोलायच्या आणि मग क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला चर्चमध्ये यायचं. मागच्या दाराशी एक तक्ता लावला होता. भेट झाली की आपल्या नावापुढं बरोबरची खूण करायची.

चष्मेबाईच्या वाट्याला बाइंडरकाका आले.

बाइंडरकाकांनी आयुष्यभर पुस्तकं बांधली होती. चर्चमधली गाण्यांची जाड पुस्तकं त्यांच्याच हातची. आता ते तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत एकटे राहत. गुडघे गेले होते, डाव्या पायाला न भरणारी जखम होती. बायको जाऊन सात वर्षं झाली होती आणि एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात शाळेत शिकवत होती.

पहिल्या शुक्रवारी चष्मेबाई गेली. खोलीत पुस्तकं चिकटवायच्या सरसाचा वास भरून राहिला होता. काकांनी तिला बसवलं आणि बोलायला सुरुवात केली, ते थांबेचनात. सरस किती वेळ शिजवायचा, पुस्तकाच्या कण्याला कापड कसं लावायचं, घाईत शिवलेलं पुस्तक पाचव्या वर्षी कसं पानं टाकतं. मध्येच खोकला यायचा, मग ते एका डब्यात थुंकायचे आणि सुटलेलं वाक्य पुन्हा पकडायचे. तिनं उतारा वाचायला काढला तर म्हणाले, "वाचा वाचा," आणि दुसऱ्या ओळीला ते पुस्तक कुणी बांधलंय ते बघायला मागून घेतलं. निघताना त्यांनी तिला पाय स्टुलावर ठेवून द्यायला सांगितलं. पट्टीतून पिवळं पाणी झिरपत होतं. तिनं त्यांच्या पायजम्याची कड दोन बोटांत धरून पाय कसाबसा उचलला. घरी येऊन तिनं तीनदा हात धुतले.

दुसऱ्या शुक्रवारी ती निघाली होती, हे खरं. जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत पोचलीही. दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते. वरून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला आणि ती वळली. दोन गल्ल्या उगाच फिरली, दोऱ्याचं एक रीळ घेतलं आणि चर्चमध्ये गेली. दाराशी सेक्रेटरीबाई हातात पेन घेऊन उभ्या होत्या.

"झाली ना गं भेट?"

चष्मेबाईनं नुसती मान हलवली आणि बाईंनी खूण केली. तोंडानं ती एक शब्द बोलली नाही, आणि त्याचाच आधार घेऊन तिनं आठवडा काढला. तिसऱ्या शुक्रवारी पेन दोरीला बांधून ठेवलं होतं. तिनं स्वतःच खूण केली. चौथ्या शुक्रवारी तर ती त्या गल्लीकडे फिरकलीही नाही. खूण करताना हातही अडखळला नाही.

त्यानंतरच्या रविवारी मिस्सामध्ये फादर प्रवचनाच्या शेवटी म्हणाले, "काल मी आजाऱ्यांना कम्युनियनचा प्रसाद द्यायला गेलो होतो. आपल्या बाइंडरकाकांना विचारलं, तुमच्याकडे कुणी येतं का? ते म्हणाले, दर शुक्रवारी येतात. तासभर बसतात, वाचून दाखवतात. नुसतं ऐकून घेणारं माणूस आजकाल कुठं मिळतं, असं त्यांनी मला विचारलं." फादरनी कॉयरकडे पाहिलं. "नाव घेत नाही. त्यांना संकोच वाटेल."

सगळ्यांच्या माना कॉयरकडे वळल्या. शेजारच्या बाईनं तिचा हात दाबला. चष्मेबाईला कानापर्यंत गरम झालं. पुढचं गाणं तिला गाता आलं नाही, नुसते ओठ हलवले.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. अठरा वर्षांत त्यांनी सुनेला कधी बरं म्हटलं नव्हतं. मीठ कमी, नाहीतर जास्त. आज मात्र त्या शेजारणीला सांगत होत्या, "आमची सून बोलत नाही फारसं, पण काम करून दाखवते. मला तरी कुठं सांगितलं तिनं! मलासुद्धा चर्चमध्येच कळलं."

चष्मेबाईला जेवण गेलं नाही. भांडी तशीच टाकून ती दुपारच्या उन्हात बाहेर पडली आणि तिन्ही जिने न थांबता चढली.

बाइंडरकाकांनी काठी टेकत दार उघडलं. "अरे वा, रविवारी?"

"काका, तुम्ही फादरना काय सांगितलंत?"

"तुम्ही दर शुक्रवारी येता म्हणून सांगितलं."

"मी आले नव्हते."

"मला ठाऊक आहे," काका म्हणाले. "मी इथंच होतो."

काका सावकाश खुर्चीपर्यंत गेले, बसले, पाय सरळ केला.

"माझ्यावर दया केलीत?" तिनं विचारलं. आवाज चिरकला.

"दया कसली हो! फादर म्हणाले, तक्त्यावर तर खुणा आहेत. आता मी काय सांगणार? एकदा आल्या, परत आल्या नाहीत? मग फादरनी विचारलं असतं, का नाही आल्या. लोकांनी म्हटलं असतं, म्हातारा डोकं खातो, कोण जाणार! लाज तुम्हाला एकटीलाच असते का?"

चष्मेबाईनं आत येऊन दार लोटून घेतलं.

"आणि दुसरं," काकांनी चेहरा दुसरीकडे वळवला. "पोरगी शुक्रवारी रात्री फोन करते. पहिल्या आठवड्यात मी तिला सांगितलं, चर्चमधून एक बाई येतात. इतकी खूश झाली! एरवी तिचा फोन म्हणजे औषध घेतलंत का, जेवलात का, आणि मग रडका आवाज. त्या दिवशी हसली. मग दुसऱ्या आठवड्यात तिनं विचारलं, आज काय बोललात? सांगितलं काहीतरी."

"काय सांगितलंत?"

"तुमच्या सासूबाईंच्या मोतीबिंदूबद्दल." काका ओशाळले. "तुम्हाला सासू आहेत का?"

"आहेत."

"मोतीबिंदू आहे?"

"नाही. नजर चांगली तेज आहे."

"मग त्याचं आता ऑपरेशन झालं म्हणून सांगावं लागेल." ते स्वतःशीच म्हणाले. "तिसऱ्या आठवड्यात तुम्ही लहानपणी मास्तरांचा चष्मा फोडला होता ती गोष्ट सांगितली. म्हणून तुम्ही या धंद्यात आलात. चौथ्या आठवड्यात तुम्ही गाणं म्हणून दाखवलंत."

चष्मेबाईनं खाली बसून तोंडाला पदर लावला. तिनं ज्या संध्याकाळी दोऱ्याचं रीळ घेत काढल्या होत्या, त्या या माणसानं तिच्या नावानं भरून काढल्या होत्या. आणि त्यात ती किती चांगली बाई होती!

"मी फादरना खरं सांगते," ती म्हणाली. "तक्त्यावरच्या खुणा सगळ्यांसमोर खोडते."

"खोडा. तुमचं मन हलकं होईल. मग फादर म्हणणार, म्हातारा कम्युनियन घेताना खोटं बोलला. हे सगळीकडे पसरणार, ईस्टरला पोरगी येणार आहे, तिच्याही कानावर जाणार." काका पहिल्यांदाच कठोर दिसले. "येऊ नका हवं तर. पण एवढं करू नका."

ती घरी आली. बुधवारी तिनं पापनिवेदन केलं. जाळीपलीकडून फादरनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शुक्रवारी जा. वाचायला काही नेऊ नकोस. ते बोलतील ते ऐक." पाचव्या शुक्रवारी ती गेली. दीड तास सरस, दोरा, पुठ्ठा ऐकला, आणि पाय उचलताना दोन्ही हात खाली घातले. जखमेचा वास आला. तिनं हात तसेच धरून ठेवले.

आता सगळं सुरळीत होईल असं तिला वाटलं, तर ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी दाराशी नवी यादी लागली. येशूनं शिष्यांचे धुतले तसे पवित्र गुरुवारी फादर ज्यांचे पाय धुणार होते, त्या बारा जणांची. चौथं नाव तिचं होतं.

ती थेट फादरच्या ऑफिसात गेली. "फादर, माझं नाव काढा."

फादरनी तिच्याकडे पाहिलं. पापनिवेदनात ऐकलेलं बाहेर ओठांवर आणता येत नाही, त्याच्या आधारानं काही करताही येत नाही. ते तिलाही ठाऊक होतं. "यादी समितीनं केलीय," ते हळू म्हणाले. "सेक्रेटरीबाईंना सांगून बघ."

सेक्रेटरीबाईंनी ऐकून घेतलं आणि गालाला हात लावला. "अगं, तू लायक नाहीस तर आम्ही कोण? हे बघ, येशूच्या शिष्यालाही असाच संकोच वाटला होता." संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉयरला कळलं होतं की चष्मेबाई किती नम्र आहे. सासूबाईंनी तर तिच्यासाठी आपली ठेवणीतली चप्पल काढली.

"आई, मी तिथं बसण्याजोगी नाही," ती कळवळून म्हणाली.

"ती चप्पल घट्ट होतेय का?" सासूबाईंनी विचारलं. "मग तसं सांग ना."

गुरुवारी ती वेदीसमोर बसली. एका बाजूला अग्निशमन दलातला जवान, दुसऱ्या बाजूला पाच पोरांची आई. फादर गुडघ्यांवर सरकत पुढं येत होते. त्यांनी तिच्या पायावर कोमट पाणी ओतलं, बोटांमधून टॉवेल फिरवून पाय नीट कोरडा केला. मान वर केली नाही. तिला पायजम्याची ती कड आठवली आणि रडू फुटलं, आवाज दाबता येईना. पोरांच्या आईनं रुमाल पुढं केला. मागून कुणीतरी म्हणालं, "किती श्रद्धा आहे बघ." पळून जावंसं वाटलं, पण पाय ओला होता, आणि चप्पल तिथं नव्हती.

ईस्टरच्या दुपारी ती काकांकडे केक घेऊन गेली. मुलगी आली होती. चाळिशीची, बारीक, बापासारखंच रुंद कपाळ. तिनं चष्मेबाईचे दोन्ही हात धरले. "बाबा तुमच्याबद्दलच बोलत असतात. सासूबाईंचा डोळा कसा आहे?"

काकांनी केकच्या खोक्याची दोरी सोडवण्यात डोकं घातलं.

"आता चांगलं दिसतं त्यांना," चष्मेबाई म्हणाली. तेही खोटं, पण निदान आज त्यात काकांची सोबत होती.

निघताना मुलगी तिला पोचवायला जिन्यात आली. दुसऱ्या मजल्यावर चष्मेबाई थांबली. एवढं करू नका, असं काकांनी बजावलं होतं, पण त्या मुलीनं धरलेले हात तिला सोसवत नव्हते.

"मी तीन शुक्रवार आले नव्हते," ती म्हणाली. "ते मोतीबिंदू वगैरे काही नाही. मी आलेच नव्हते. खोटी खूण केली. तुमच्या बाबांनी मला सांभाळून घेतलं."

मुलगी कठड्याला टेकली. "मला माहीत आहे."

"कसं?"

"बाबा म्हणाले, बाई तासभर बोलल्या आणि मी ऐकत होतो. माझ्या बाबांनी जन्मात कुणाचं पाच मिनिटं ऐकलेलं नाही. आईचंही नाही." ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. "पहिल्या शुक्रवारी म्हणाले, बाई आल्या, काही बोलल्या नाहीत, पाय ठेवून दिला. तेव्हा मला कळलं, हे खरं आहे. नंतरचं ऐकून कळलं की कुणी येत नाहीये."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? कुणी येत नाही म्हटलं, तर मला यावं लागलं असतं. मी सप्टेंबरपासून आले नव्हते. तुमची गोष्ट ऐकली की मलाही झोप लागायची." तिनं नाक पुसलं. "त्यांना सांगू नका हं, मला कळलंय म्हणून. फार लाजतील."

चष्मेबाईनं मान हलवली. बापाचं लेकीला सांगायचं नाही, लेकीचं बापाला सांगायचं नाही. आणि दोघांच्या मध्ये तिचं खोटं तसंच बसून राहणार.

"उपवासकाळ तर संपला," मुलगी म्हणाली. "आता शुक्रवारी जाल?"

"जाईन."

"मला फोन नका करू. बाबा सांगतीलच. थोडकंच सांगितलं, तर मला कळेल, तुम्ही खरंच आला होतात."

वरून काकांनी हाक मारली, केक कापायला सुरी सापडत नव्हती. मुलगी धावत वर गेली. चष्मेबाई खाली उतरली. घरी सासूबाई वाटच बघत होत्या.

"मग? पोरगी काय म्हणाली? मानले ना तुझे आभार?"

"मानले," चष्मेबाई म्हणाली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही आणि आत जाऊन कपडे बदलले.