दोनदा हॉर्न

थंडीच्या दिवसांत अंजनगावहून अकोल्याला केळी नेणारे ट्रक एकेकटे निघत नाहीत, जोडीने निघतात. धुक्यात रस्ता दिसत नाही, पण पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसतो. मागच्याने तो धरून चालायचं आणि पुढच्याने वळताना किंवा थांबताना दोनदा हॉर्न द्यायचा. हा नियम कुठे लिहिलेला नाही. भगवंतने तो वीस वर्षं पाळला आणि त्याच्या जोडीने ट्रक नेणाऱ्या किशोरलाही त्यानेच शिकवला.

पौषातल्या त्या सकाळी बोनेटसुद्धा निम्मंच दिसत होतं. त्यात आदल्या दिवशी अवकाळी पाऊस येऊन गेलेला, रस्त्याकडेच्या काळ्या मातीचा नुसता चिखल. भगवंत पुढे, किशोर मागे. दर्यापूर ओलांडल्यावर इंदूबाईच्या चहाच्या टपरीशी रोज थांबायचं ठरलेलं. तिथे ट्रक उभे करायला मुरूम टाकलेला होता. टपरीजवळचा कडुनिंब दिसला तसा भगवंतचा हात हॉर्नवर गेला आणि तिथेच थांबला.

टपरीमागच्या खोलीत इंदूबाईची लेक बाळंतपणाला आलेली. बाळ पंधरा दिवसांचं. आदल्याच खेपेला इंदूबाई हातात सांडशी घेऊन अंगावर धावली होती, "भोंगे कायचे वाजवता रे मेल्याहो? लेकरू दचकून राहिलं माह्यं!" भगवंतने तेव्हा हसत कान पकडले होते. माणूस भला, सगळ्यांचं ऐकणारा. त्या भलेपणानेच पुढे घात केला.

त्याने इंडिकेटर लावला, ट्रक हळूच मुरमावर उतरवला, खाली उडी मारली आणि दोन चहा सांगितले. किशोरच्या चहात साखर जास्त, हेही सांगायला तो विसरला नाही.

चहा चुलीवर चढायच्या आत किशोर यायला हवा होता, तो आला नाही. आला तो आवाज. लाल दिवा डावीकडे सरकून दिसेनासा झाला, तसा किशोरही डावीकडे वळला होता. पण तोवर मुरूम मागे पडला होता. चिखलावरून घसरत ट्रक नाल्यात आडवा झाला. केळीचे घड सगळीकडे पसरलेले दिसत होते, किशोर सापडायला अर्धा तास लागला. तोवर सगळं संपलं होतं.

पोलिसांनी लिहिलं, चालकाला डुलकी लागली असावी. भगवंतने ते खाली मान घालून ऐकलं. 'नाही साहेब' एवढे दोनच शब्द बोलायचे होते, तेही त्याच्या तोंडून फुटले नाहीत. तो भ्याला, दुसरं काही नाही.

तेरवीला तो किशोरच्या घरी गेला. पंगती उठल्यावर किशोरची बायको वर्षाली त्याच्यासमोर येऊन बसली. तेरा दिवसांत पोरगी पार वाळून गेली होती.

"भाऊ, तुमाले म्हणून सांगून राहिली," ती म्हणाली. "मीच मारलं त्यायले."

"काहून असं बोलून राहिली?"

"आदल्या राती पोरीले ताप होता. ते म्हणत होते, झोपू दे, सकाळी गाडी न्यायची हाय. मी म्हटलं, पोरगी काय माह्या एकटीची हाय? रातभर जागवलं त्यायले. थोडी झोप भेटली असती तं डुलकी लागली नसती."

तो गप्प बसला असता तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण मग ही बाई जन्मभर स्वतःलाच खात राहिली असती.

"किशोर झोपला नव्हता, वर्षाली," तो म्हणाला. "पाच मिनिटं आधी फोनवर बोलला माह्याशी. म्हणे, धुवारी लय हाय, तुमचाच दिवा धरून येऊन राहिलो. मी वळलो अन् हॉर्न देल्ला नाही."

"काहून?"

"इंदूबाईच्या घरी बाळ झोपलं होतं."

वर्षाली त्याच्याकडे पाहतच राहिली. आतल्या खोलीत तिची पोर खोकली, तरी ती उठली नाही.

"म्हणजे ते जागे होते?"

"पुरा जागा होता."

तिचे डोळे भरून आले. पदराने तोंड दाबून ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "तेरा दिवस, भाऊ. तेरा दिवस मी या घरात कसे काढले, माह्यं मले माहीत. अन् तुमी गप्प होते."

भगवंतने हात जोडले.

"जा आता तुमी," ती म्हणाली.

तो उठला, चपला घालून बाहेर पडला. गल्लीत उभ्या केलेल्या ट्रकमध्ये चढताना मागून तिचा आवाज आला. ती दारापर्यंत आली होती.

"गल्लीच्या तोंडाशी लेकरं खेळतात. हॉर्न वाजवत जा."

भगवंतने ट्रक सुरू केला आणि दोनदा हॉर्न दिला. लेकरं पळत बाजूला झाली. सवयीने त्याची नजर आरशात गेली. वर्षाली दारातच उभी होती, दोन्ही हातांनी कान गच्च झाकून.